कोर्लईचा किल्ला

साताऱ्याच्या मुलांना डोक्यावर उभा असलेला अजिंक्यतारा नित्य दिसतो. प्रतापगडाचे नाव तर सांगलीच्या मुलांनाही ठाऊक असते. प्रतापगड बांधला गेला तो पार घाटावर नजर ठेवण्यासाठी. देशावर जशा घाटवाटा, तशी समुद्रकाठी खाडीची मुखे. गलबते तेथूनच बंदरात शिरतात. अशा एका मुखावर पहारा करणारा किल्ला रायगड जिल्ह्यात कोर्लई या गावी आहे.

सह्याद्रीत उगम पावलेली कुंडलिका नदी रोह्यावरून वाहत येऊन येथे अरबी समुद्रास मिळते. मुखाच्या उत्तरेस रेवदंडा व चौल आहेत. दक्षिणेस समुद्रात शिरलेली एक लांबट, चिंचोळी टेकडी आहे. चौल हे फार पुरातन बंदर; प्राचीन ग्रीक लेखकांनाही ते माहीत होते. इ. स. १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी अहमदनगरच्या निजामशाहाच्या संमतीने तेथे आपले ठाणे उभारण्यास आरंभ केला.

पुढे दोघांत वैर आले. इ. स. १५९४ मध्ये दुसऱ्या बुऱ्हाण निजामशाहाने समोरच्या टेकडीवर किल्ला बांधून तोफा चढविल्या. आता पोर्तुगीजांचे एकही गलबत त्या तोफांच्या दृष्टीआड जाऊ शकेना. टेकडी शत्रूकडे राहिली तर बंदर गेलेच, हे त्यांनी ओळखले. त्याच वर्षी त्यांनी निकराचा हल्ला करून किल्ला जिंकला. त्या काळी पोर्तुगाल स्पेनच्या राजाच्या अमलाखाली होता. इ. स. १५८० पासून १६४० पर्यंत ही स्थिती राहिली. म्हणून कोर्लईचा हा नवा धनी दूरच्या स्पेनमध्ये राहत होता!

टेकडी अरुंद असल्यामुळे किल्ल्यात आडव्या भिंती घालून निरनिराळे भाग पाडले आहेत. एक भाग पडला, तरी दुसऱ्यातून लढता यावे, हा त्यातील हेतू. पावसाचे पाणी साठविण्यास हौदही आहे, आणि एका देवळाचे, म्हणजे ख्रिस्ती चर्चचे, अवशेष आहेत.

इ. स. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या सैन्याने रेवदंड्यास वेढा घातला. परंतु ठाणे हाती आले नाही. ते कार्य पुढे साताऱ्याच्या गादीवर शाहू महाराज असताना सिद्धीस गेले. इ. स. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. कोर्लईवर त्यांनी सुभानराव माणकर यांस धाडले. इ. स. १७४० मध्ये किल्ला मराठ्यांना मिळाला, आणि एका बुरुजास गणेश बुरूज असे नाव पडले. इ. स. १८१८ मध्ये तो इंग्रजांकडे गेला.

आज तोफा मुक्या आहेत. परंतु किल्ल्याच्या पायथ्याशी एक नवल अद्याप जिवंत आहे. गावातील ख्रिस्ती कुटुंबे घरी एक निराळी बोली बोलतात. तिला ती 'नो लिंग', म्हणजे 'आमची भाषा', असे म्हणतात. तिचे शब्द बहुधा पोर्तुगीज, तर वाक्याची मांडणी मराठीसारखी, क्रियापद शेवटी! ती बोलणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.

राज्यकर्ते आले आणि गेले; तट ढासळले. ज्या भाषेला कोणी तट बांधला नाही, ती मात्र आईच्या मुखातून मुलांच्या मुखात येत राहिली. किल्ला पाहावयास जाल, तेव्हा ही भाषाही कान देऊन ऐका.