शिळ्या तारखेचा प्रश्न

बीड तालुक्यातला नारायणगड नगद नारायण महाराजांचा. तिथे ‘कॅश’ म्हटल्यावर रोकड आठवली, तर नवल नाही! संगणकातली कॅश वेगळी. तो शब्द ‘दडवणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला. वारंवार लागणारी गोष्ट दर वेळी कोठारातून न आणता हाताशी ठेवलेली नक्कल, म्हणजे कॅश.

२०२३च्या खरिपात राज्यात एक रुपयात पीकविमा आला. अर्जाची मुदत ३१ जुलैवरून ३ ऑगस्टपर्यंत वाढली. समजा, अशी मुदत दाखवणारे एक संकेतस्थळ पाच सर्व्हरवर चालते. तारखेची पट्टी प्रत्येक सर्व्हर एकदाच मूळ नोंदीवरून तयार करतो आणि स्वतःच्या स्मृतीत ठेवतो. अधिकाऱ्याने नोंद बदलली. बदल ज्या सर्व्हरमधून झाला, त्याने आपली नक्कल पुसली. उरलेल्या चौघांना पत्ताच नाही. १ ऑगस्टला गडाच्या पायथ्याचा सोयाबीनवाला पान उघडतो, त्याची विनंती या चौघांपैकी एकाकडे जाते, आणि ‘मुदत संपली’ वाचून तो घरी परततो. शेजाऱ्याला त्याच घटकेला ३ ऑगस्ट दिसते.

सोपा उपाय म्हणजे नक्कलेला आयुष्य ठरवून देणे: पाच मिनिटांनी ती बाद. पण तेवढी मिनिटे खोटे दिसणारच. दुसरा उपाय, बदल होताच सगळ्या सर्व्हरना ‘पुसा’ असा निरोप धाडणे. नवी तारीख धाडण्यापेक्षा जुनी पुसायला सांगणे बरे. दोन निरोप उलट्या क्रमाने पोचले तरी बिघडत नाही.

खरी मेख पुढे आहे. एखाद्या सर्व्हरने बदलाच्या क्षणभर आधी जुनी तारीख वाचलेली असते. ‘पुसा’ येतो, पुसले जाते, आणि मग तो सावकाश जुनीच तारीख पुन्हा जपून ठेवतो. शिवाय सगळ्या नकला एकदम गेल्या की सारी गर्दी मूळ नोंदीवर कोसळते, तीही मुदतीच्या आदल्या दिवशी. सामायिक कॅशसाठी फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१३मध्ये मांडलेली युक्ती दोन्हींवर चालते. नक्कल नसेल तर कॅश विचारणाऱ्याला टोकन देते. मधे ‘पुसा’ आला तर ते टोकन रद्द, मग उशिरा आलेली जुनी तारीख नाकारली जाते. टोकन ठरावीक काळात एकालाच मिळते, म्हणून बाकीचे क्षणभर थांबतात.

एवढे करूनही सेवा केंद्रातल्या ब्राउझरने स्वतःची नक्कल ठेवलेली असते. तिथपर्यंत सर्व्हरचा निरोप जात नाही. म्हणून मुदतीचे पान पाठवतानाच त्याला सांगावे लागते: हे जपून ठेवू नकोस, दर वेळी विचार.