कारल्याचा कडूपणा आणि कारल्यातील औषध

कडू कारले तुपात तळले, साखरेत घोळले, तरी कडू ते कडूच, ही म्हण आपण माणसाच्या स्वभावाला लावतो. परंतु खुद्द कारल्याविषयीची एक समजूतही तिच्याइतकीच रूढ आहे. कडूपणा हाच कारल्याचा औषधी गुण, अशी ती समजूत. परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील पेडगावासारखे गाव असो की मुंबईची चाळ असो, एखाद्याला मधुमेह जडला की पहाटे कारल्याचा रस घेण्याचा सल्ला आल्यावाचून राहत नाही. ‘जितका कडू तितका गुणकारी’ अशी पुस्तीही त्याला जोडली जाते. रसायनशास्त्राने कारल्यातून जी द्रव्ये अलग केली, त्यांच्या आधारे ही समजूत तपासून पाहण्याचे आम्ही योजले आहे. हा केवळ कुतूहलाचा प्रश्न नव्हे. रसाच्या भरवशावर चालू औषध सोडावे काय, हा निर्णय त्याच्याशी निगडित आहे.

वनस्पतीतून द्रव्य अलग करणे म्हणजे काय? फळ वाळवून त्याची पूड करावयाची, ती मद्यार्कासारख्या द्रवात भिजवावयाची, उतरलेला अर्क आटवावयाचा आणि त्यातील एकेक घटक निरनिराळा करीत शेवटी शुद्ध द्रव्य हाती घ्यावयाचे. या खटाटोपाचा मुख्य लाभ म्हणजे मात्रा ठरविता येते. 1921 साली टोरंटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी स्वादुपिंडाच्या अर्काने कुत्र्यांच्या रक्तातील साखर उतरवून दाखविली. पण तो अर्क शुद्ध झाला तेव्हाच, 1922 साली, इन्सुलिन रोग्याला जीवदान देऊ शकले. गुण आहे हे कळणे ही पहिली पायरी होय. तो मोजून देता येणे ही दुसरी.

कारल्याच्या बाबतीत पहिली पायरी चढण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. लोलितकर व राजाराम राव या संशोधकांनी 1962 साली मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात कारल्याच्या फळातून काढलेल्या साखर उतरविणाऱ्या द्रव्याची माहिती प्रसिद्ध केली. कारल्याच्या शास्त्रीय नावावरून, मोमोर्डिका चरँशिया यावरून, ते ‘चरँटिन’ म्हणून ओळखले जाते. उपाशी सशांना वजनाच्या दर किलोमागे 50 मिलिग्रॅम चरँटिन दिले असता चौथ्या तासाला रक्तातील साखर सुमारे 42 टक्क्यांनी उतरली. चरँटिन हे दोन निकटच्या ग्लुकोसाइडांचे मिश्रण आहे. वनस्पतींच्या स्निग्धांशात आढळणाऱ्या स्टेरॉल वर्गाच्या रेणूला ग्लुकोज जोडलेले असावे, अशी त्यांची घडण असते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अशी द्रव्ये पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. तेव्हा कारले पिळून चोथा फेकला, तर चरँटिनचा मोठा भाग चोथ्याबरोबरच जाण्याचा संभव आहे.

1981 साली जयपूरच्या संशोधकांनी कारल्यातील आणखी एका द्रव्याचे वर्णन केले. ‘पॉलिपेप्टाइड-पी’ हे ते लहानसे प्रथिन. इन्सुलिनप्रमाणेच ते त्वचेखाली टोचून दिले असता रोग्यांची साखर उतरली. पण प्रथिन तोंडाने घेतले की पोटातील पाचकरस त्याचे तुकडे करतात. इन्सुलिन पिण्याचे औषध होऊ शकले नाही, त्याचे एक मोठे कारण हेच. म्हणून सुईने आलेला गुण पेल्यानेही येईल, असे धरून चालता येत नाही.

मग कडूपणा कोणाचा? तो मुख्यतः निराळ्याच संयुगांचा आहे. काकडी, दुधी, दोडका, कारले या वेलकुळात कुकुर्बिटेन नावाच्या सांगाड्याची संयुगे असतात. जपानी संशोधकांनी 1980 नंतरच्या काळात कारल्यातून अशी अनेक संयुगे अलग केली व त्यांना ‘मोमोर्डिकोसाइड’ हे नाव देऊन क्रमाने अक्षरे लावली. के आणि एल ही त्यांतील कडू द्रव्ये होत. मात्र या कुळाला नुसते चवीपुरते मानणेही बरोबर नाही. 2008 साली चीन व ऑस्ट्रेलिया येथील शास्त्रज्ञांना असे दिसले की, यांतील काही संयुगे स्नायूंच्या पेशींत साखर ओढून घेण्याची क्रिया वाढवितात. व्यायामाने पेशीतील जे विकर जागे होते, तेच याही संयुगांनी जागे होते.

सारांश, कारल्यात गुण नाही असे कोणी म्हणू नये. पण तो एका द्रव्यात नाही, आणि जीभ त्याचे माप नव्हे. वाण, फळाचा कोवळेपणा व करण्याची रीत यांप्रमाणे द्रव्यांचे प्रमाण बदलते. रोग्यांवरील प्रयोगही हेच सुचवितात. फिलिपाइन्समध्ये 40 रोग्यांवर झालेल्या व 2007 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कारल्याच्या कॅप्सुलांनी लक्षणीय फरक पडला नाही. थायलंडमधील 2011 च्या चाचणीत रोज 2000 मिलिग्रॅम सुकविलेल्या कारल्याने थोडा उतार दिसला. पण तो मेटफॉर्मिन या नेहमीच्या औषधाहून कमी होता.

आणखी एक इशारा देणे अवश्य वाटते. ‘कडू म्हणजे हितकर’ हा न्याय दुसऱ्या भाजीला लावणे प्राणघातक ठरू शकते. दुधी एरवी गोड असतो. तो कडू निघाला, तर त्यात कुकुर्बिटासिन नावाची विषारी द्रव्ये वाढलेली असतात. 2010 साली दिल्लीत कडू दुधीचा रस पिऊन एकाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने कडू दुधीचा रस मुळीच पिऊ नये, असे सांगितले.

तेव्हा कारल्याची भाजी जरूर खावी. फोडींना मीठ चोळून, पिळून केली तरी हरकत नाही. परंतु मधुमेह्याने रोज रस घ्यावयाचा, तर तो डॉक्टरांना सांगून घ्यावा. गोळ्या व रस मिळून साखर वाजवीपेक्षा खाली जाऊ शकते. गर्भवतींनी तो टाळावा. आणि ज्याचे जीवन इन्सुलिनवर अवलंबून आहे, त्याने एक दिवसही ते रसासाठी सोडू नये. कारल्याचे स्थान ताटात आहे; औषधाची जागा त्याला अद्याप कोणी मोजून दिलेली नाही.