मैदानाचे अंतर

इसवी सन 2025 च्या आरंभी महाराष्ट्र केसरी किताबाची दोन मैदाने अवघ्या दोन महिन्यांच्या अवधीत भरली: पहिले अहिल्यानगरच्या वाडिया पार्कात, जेथे 2 फेब्रुवारीच्या अंतिम लढतीत सोलापूरच्या महेंद्र गायकवाडविरुद्ध पुण्याचा पृथ्वीराज मोहोळ विजयी ठरला, आणि दुसरे त्याच जिल्ह्यातील कर्जत येथे, जेथे मार्चअखेरीस सोलापूरच्या वेताळ शेळकेने मानाची गदा खांद्यावर घेतली. एका किताबाचे एका वर्षात दोन मानकरी कसे, हा प्रश्न कुस्तीगिरांच्या संघटनांतील दुफळीचा असून त्याचा निवाडा करण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकाला नाही. येथे कुतूहल आहे ते निराळ्याच गोष्टीचे. ही दोन्ही मैदाने पुणे जिल्ह्याच्या सरहद्दीबाहेर भरली खरी, परंतु त्यांतील एकाचा रस्ता शिरूरवरून जातो आणि दुसऱ्याची वाट दौंडकडून फुटते. म्हणजे जी लढत पाहण्यासाठी या दोन तालुक्यांतील शौकिनांना एरवी कधी नागपूर तर कधी जालना गाठावे लागले असते, ती त्या वर्षी दोनदा त्यांच्या उंबरठ्याशी आली. तथापि मैदान उंबरठ्याशी येणे आणि घरच्या माणसाने उठून तेथवर जाणे यांत जे अंतर उरते, ते मैलाच्या दगडांवर लिहिलेले नसते.

शिरूर, ज्याला जुनी माणसे अद्याप घोडनदी म्हणतात, ते पुणे–नगर हमरस्त्यावर पुण्यापासून सुमारे 67 किलोमीटरांवर वसले असून, कसब्याच्या कडेची घोड नदी ओलांडली की जिल्हा बदलतो आणि तेथून अहिल्यानगर पन्नास-पंचावन्न किलोमीटर राहते. दौंडची स्थितीही याच धर्तीची आहे. तेथे भीमेचा पूल ओलांडला की श्रीगोंद्याची हद्द लागते, कर्जत सरळ रेषेत पन्नास किलोमीटरही भरत नाही, आणि कर्जत तालुक्यातील सिद्धटेकचा सिद्धिविनायक तर इतका जवळ की आगगाडीने येणारा अष्टविनायकाचा यात्रेकरू दौंडलाच उतरतो व पूर्वी शिरापूरपाशी नावेतून भीमा पार करीत असे. (हे कर्जत आणि मुंबईच्या लोकलचे रायगडातील कर्जत यांची गल्लत करून कोणी परगावचा शौकीन भलत्याच गाडीत बसला नसेल, अशी आशा करू या.) सारांश, दोन्ही गावे आपल्या जिल्ह्याच्या कडेला आणि शेजारच्या जिल्ह्याच्या दारात आहेत, सरकारी दप्तरात त्यांचा जिल्हा पुणे असला तरी बाजाराला, लग्नाला आणि कुस्तीला जाताना त्यांची पावले नदीपलीकडे सहज वळतात.

मनुष्यांचे समुदाय एखाद्या स्थळाकडे कसे आकर्षिले जातात याविषयी अमेरिकेत विल्यम रायली या अभ्यासकाने 1931 साली एक नियम मांडला होता, तो असा की एखादे शहर भोवतालच्या गावांतील गिऱ्हाईक जे ओढून घेते ते त्या शहराच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाढते आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. न्यूटनाच्या गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत त्याने जणू बाजारपेठेला लावला. लुगडी आणि भांडी यांच्या खरेदीला हा नियम बऱ्याच अंशी लागू पडतो, कारण लुगडे या पेठेत मिळाले नाही तर त्या पेठेत मिळते. परंतु किताबाची लढत ही एकाच ठिकाणी, एकाच दिवशी, एकदाच होणारी गोष्ट असल्यामुळे तिच्या बाबतीत अंतराखेरीज आणखी दोन गोष्टी आड येतात: लढणारा कोणाचा, आणि लढत संपल्यावर घरी जायचे कसे.

यांपैकी पहिल्या गोष्टीचा उत्तम दाखला अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये सापडतो. हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळावयाचा खेळ नव्हे. लंबगोल चेंडू हातांत घेऊन धावण्याचा, फेकण्याचा आणि प्रतिपक्षाला आडवे पाडण्याचा तो खेळ, कुस्तीच्या शौकिनाला कदाचित आपल्या फुटबॉलपेक्षा अधिक आवडेल असा. त्याच्या दुसऱ्या श्रेणीच्या अजिंक्यपदाची अंतिम लढत 2011 च्या जानेवारीपासून टेक्सास राज्यातील डॅलसजवळच्या फ्रिस्को या उपनगरात भरू लागली. मैदान आधी ठरते आणि संघ मागाहून. उपान्त्य फेरी आटोपली की पाठीराख्यांच्या हाती दोन-तीन आठवडेच उरतात. पहिल्या वर्षी ईस्टर्न वॉशिंग्टन आणि डेलावेअर हे संघ आले, एक देशाच्या वायव्य कोपऱ्यातला आणि दुसरा पूर्व किनाऱ्यावरचा, आणि प्रेक्षक जमले ते सुमारे 13 हजार. दुसऱ्या वर्षी सॅम ह्यूस्टन स्टेट हा टेक्सासमधलाच, मोटारीने तीन-साडेतीन तासांवरचा संघ आला, त्याच्यासमोर नॉर्थ डकोटा स्टेट उभा राहिला, आणि त्याच मैदानावर 20 हजारांहून अधिक माणूस लोटला. मैदान तेच, महिना तोच. पालटले ते केवळ पाठीराख्यांच्या घराचे अंतर.

एवढ्यावर थांबलो असतो तर रायलीचा नियम सिद्ध झाला असे म्हणून मोकळे होता आले असते. परंतु नॉर्थ डकोटा स्टेटचे गाव फार्गो हे फ्रिस्कोपासून दीड हजार किलोमीटरांहून अधिक दूर, कॅनडाच्या सरहद्दीकडे, जानेवारीत बर्फात गाडलेले; आणि तरीही तेथील लोक हजारोंच्या संख्येने जवळपास दरवर्षी दक्षिणेची वाट धरू लागले, कारण त्यांच्या संघाने 2011 ते 2024 या हंगामांत तब्बल दहा वेळा अजिंक्यपद जिंकले आणि ते प्रत्येक वेळी फ्रिस्कोतच जिंकले. वाट ठाऊक झाली, मुक्कामाची ठिकाणे ठरून गेली, सोबती जुळले. वारकऱ्याला पंढरपूर जसे दूर वाटत नाही तसे त्यांना फ्रिस्को दूर वाटेनासे झाले. स्थळ कायम राहिले म्हणजे अंतराला परिपाठाचे औषध लागू पडते, हे अमेरिकेच्या अनुभवावरून दिसते. आणि महाराष्ट्र केसरीला नेमके हेच औषध कधी लाभलेले नाही.

कारण 1961 साली औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, दिनकर दह्यारी पहिला मानकरी झाला तेव्हापासून हे मैदान फिरतेच राहिले आहे. अलीकडचीच वर्षे घेतली तरी नागपूर, वारजे, भूगाव, जालना, बालेवाडी, सातारा, कोथरूड, फुलगाव, धाराशिव अशी त्याची भ्रमंती दिसते. राज्याच्या प्रत्येक विभागाला किताबाची लढत पाहावयास मिळावी हा त्यामागचा हेतू स्तुत्य आहे, आणि यजमानपद स्वीकारणारा कोणी पुढारी किंवा संस्था जेथे भेटेल तेथे जावे लागते ही त्यातील व्यावहारिक बाजू आहे. परिणाम मात्र असा की शिरूरच्या शौकिनाला दरवर्षी नवी वाट, नवा मुक्काम आणि नवी सोबत शोधावी लागते.

अंतराला उतारा म्हणून आपल्याकडे दुसरी एक गोष्ट आहे, ती म्हणजे तालीम. अमेरिकेतील संघाचे गाव एक असते. आपल्या मल्लाची गावे दोन असतात, एक जन्माचे आणि एक लाल मातीचे. 2020 च्या जानेवारीत बालेवाडीला अंतिम लढत झाली ती नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके यांच्यात. नकाशावर पाहणाऱ्याला ही पुणेकरांच्या दृष्टीने परक्यांची लढत वाटावी, पण दोघेही वस्ताद काका पवारांचे पठ्ठे, पुण्याच्या तालमीत घडलेले, त्यामुळे मैदानात परके कोणीच नव्हते. त्याउलट 2017 साली भूगावला जिंकलेला अभिजित कटके हा तर वाघोलीचा, म्हणजे शिरूरकडे येणाऱ्या हमरस्त्यावरचाच. असा मल्ल अंतिम फेरीत असला की त्या रस्त्यावरच्या गावांना मैदान जिल्ह्याच्या पार पश्चिमेला आहे याचे भान राहत नाही.

आता परतीचा प्रश्न, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. किताबाची मैदाने बहुधा नोव्हेंबर ते मार्च या काळात भरतात आणि हाच शिरूर–दौंडच्या बागायती पट्ट्यात उसाच्या गळिताचा हंगाम असतो. तोडणीची टोळी शेतात उतरली असेल तर मालकाने गाव सोडता कामा नये; गोठ्यात संकरित गाई असतील तर पहाटेची धार चुकवता येत नाही; आणि पिकाला पाणी देण्याची पाळी रात्रीच्या विजेवर आली असेल तर कुस्ती कोणाचीही असो, मोटार सुरू करायला माणूस विहिरीवर हवा. घोड नदीच्या काठच्या उसात बिबट्याचा वावर वाढल्यापासून अपरात्री दुचाकीवरून वस्तीवर परतणे हेही पूर्वीइतके निश्चिंतपणाचे राहिलेले नाही. तेव्हा येथला शेतकरी अंतराचा हिशोब किलोमीटरांत करीत नाही. दुपारची धार काढून निघालो तर पहाटेच्या धारेला परत येऊ की नाही, एवढाच त्याचा जाबता असतो. ज्याच्याकडे स्वतःची जीप आहे त्याच्या हिशोबात शंभर किलोमीटर बसतात, आणि ज्याला मुक्कामी एसटीवर विसंबायचे आहे त्याच्या हिशोबात तीसही बसत नाहीत, कारण ती गाडी सायंकाळी गावात येऊन पहाटे निघते, म्हणजे मैदानाच्या वेळेच्या नेमकी उलट.

या हिशोबाने पाहता जवळचे मैदान दूरचे ठरते, असाही चमत्कार घडतो. 2023 च्या नोव्हेंबरात सिकंदर शेखने ज्या फुलगावी किताब जिंकला, ते लोणीकंदजवळचे गाव शिरूरपासून अहिल्यानगरपेक्षा जवळ आहे. परंतु तिकडे जाणारा रस्ता रांजणगावची औद्योगिक वसाहत, शिक्रापूर आणि कोरेगाव भीमा यांच्या रहदारीतून जातो, आणि कारखान्यांच्या पाळ्या सुटण्याच्या वेळी तेथे अडकलेल्या माणसाला किलोमीटरांचे आकडे वाचून दाखवणे ही थट्टाच होय. नगरच्या दिशेचा रस्ता लांब असला तरी त्या मानाने मोकळा आहे.

दौंडची कथा वेगळी, कारण दौंडला लोहमार्ग आहे आणि शिरूरला नाही. दौंड–मनमाड मार्ग 1878 साली सुरू झाला, आणि आज हे जंक्शन पुणे, सोलापूर, मनमाड आणि बारामती अशा चहूदिशांना जोडलेले आहे. अहिल्यानगरच्या मैदानाला जाणाऱ्या दौंडकराला सुमारे 84 किलोमीटरांचा हा प्रवास बसल्या जागी होतो. मात्र कॉर्ड लाइन झाल्यापासून पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांना इंजिन फिरवण्यासाठी जंक्शनात शिरण्याची गरज उरली नाही, आणि काही गाड्या गावाला वळसा घालून निघून जातात; लोखंडी रूळ गावावरून जाणे आणि गाडी गावात थांबणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा अनुभव दौंडकरांना पुरेपूर आहे. उलट कर्जत, जे अंतराने जवळ, तेथे आगगाडी नाहीच.

गावोगावच्या यात्रांत भरणारे कुस्त्यांचे हगामे पाहिले म्हणजे जुन्या माणसांनी परतीच्या प्रश्नाचा विचार किती बारकाईने केला होता ते ध्यानात येते. वर्गणी गोळा करून, नारळावरच्या चिमुकल्या जोडीपासून सुरुवात करून, हलगीच्या तालावर इनाम वाढवीत वाढवीत शेवटची निकाली कुस्ती लावायची, पण ती सूर्यास्ताच्या आत, म्हणजे पंचक्रोशीतला माणूस उजेड आहे तोवर घरी पोचतो. मैदानाची वेळ प्रेक्षकाच्या पावलांवरून ठरत असे. किताबाच्या मैदानात ती प्रकाशझोतांवरून आणि दूरचित्रवाणीवरून ठरते. गादी विभागाचा विजेता आणि माती विभागाचा विजेता समोरासमोर येतात तेव्हा बहुधा रात्र झालेली असते, आणि मधल्या काळात सत्कारांची नि भाषणांची जी रांग लागते तिच्याविषयी न बोललेलेच बरे. अंतिम कुस्तीच्या आधीच उठून जाणारे प्रेक्षक पाहून त्यांच्या शौकाविषयी शंका घेणाऱ्यांनी त्यांची शेवटची गाडी किती वाजता आहे हे विचारून पाहावे. शिवाय कुस्तीच्या मैदानाला सामान्यतः तिकीट नसल्यामुळे किती आले आणि किती शेवटपर्यंत थांबले याची नोंद कोणत्याच दप्तरात होत नाही. अमेरिकेत जेथे एकेका डोक्याची मोजणी होते, तेथे आपल्याकडे ध्वनिक्षेपकावरून लाखाचा आकडा घोषित होतो. त्या आकड्यात स्वखर्चाने आलेला किती आणि कार्यकर्त्यांच्या गाड्यांतून आणलेला किती, याचा भेद केल्यावाचून अंतराच्या परिणामाचा खरा अंदाज येणे कठीण.

उद्या कोणी यजमान पुढे आला आणि शिरूर व दौंड यांतून एका ठिकाणाची निवड करण्याची तजवीज झाली, तर लढती दुपारी सुरू करून दिवेलागणीपूर्वी संपवण्याची हमी असल्यास मी दौंडच्या बाजूने कौल देईन, कारण सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगर या तिन्ही कुस्तीवेड्या जिल्ह्यांचा सामान्य प्रेक्षक तेथे आगगाडीने स्वस्तात येऊन त्याच दिवशी परत जाऊ शकतो. पण मैदान रात्रीपर्यंत लांबणार असेल, आणि बहुधा ते लांबतेच, तर शिरूर बरे. रेल्वे वेळापत्रक पाळते आणि भाषणांसाठी खोळंबत नाही, हमरस्त्यावर मात्र मध्यरात्रीही पुण्याकडे किंवा नगरकडे जाणारी एखादी एसटी नाहीतर मालमोटार हात केल्यावर थांबते.