कात्रजचं अस्वल थंडीत झोपत का नाही?

डिसेंबरात कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात गेलात, तर अस्वल जागं दिसतं आणि मुलं विचारतात, "हे अजून झोपलं कसं नाही?" प्रश्न रास्त आहे. गोष्टींच्या पुस्तकांतलं अस्वल हिवाळाभर झोपतं.

गैरसमज: सगळी अस्वलं थंडीत उपाशी झोपतात.
वस्तुस्थिती: मेळघाट-ताडोबातलं आपलं अस्वल शीतनिद्रा घेत नाही. त्याला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी अक्षरशः ओढून घेतं, आणि वाळवी-मुंग्या बारा महिने मिळतात. थंडीत बोरंही पिकतात. मग झोपायचं कशाला? हिमालयातल्या काळ्या अस्वलाची गोष्ट वेगळी. बर्फ पडला की तिथे खाणंच संपतं.

दिवसाच्या लांबीतही फरक आहे. अंधार पडला की मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीतून मेलाटोनिन स्रवतं. रात्र जितकी मोठी, तितका वेळ ते रक्तात राहतं. अनेक सस्तन प्राण्यांना ऋतू बदलल्याची वर्दी यातूनच मिळते. पुण्यात सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसात जेमतेम सव्वादोन तासांचा फरक, तर श्रीनगरात साडेचार तासांच्या आसपास.

गैरसमज: झोपलेलं अस्वल भूक सोसत असतं.
वस्तुस्थिती: सोसण्याचा प्रश्नच येत नाही, इतकी तयारी आधी झालेली असते. चरबीच्या पेशी लेप्टिन सोडतात. एरवी ते मेंदूला 'आता पुरे' म्हणून सांगतं. थंडीच्या आधी मात्र मेंदू हा निरोप फारसा मनावर घेत नाही, आणि अस्वल खातच सुटतं. पुढे शीतनिद्रेत चरबी जळू लागते. उत्तर अमेरिकेतल्या ग्रिझली अस्वलांत दिसलेली गोष्ट मला सगळ्यांत विलक्षण वाटते: हिवाळ्यात त्यांचं शरीर इन्सुलिनला दाद देत नाही. माणसात याच अवस्थेतून पुढे मधुमेह होऊ शकतो. अस्वलाला मात्र ती सोयीची, कारण स्नायू चरबीवर चालतात आणि साखर मेंदूसाठी उरते. वसंतात सगळं पूर्ववत होतं, औषधाविना.

गैरसमज: महिनोन्‌महिने न खाता पडून राहिलं की स्नायू झडतात.
वस्तुस्थिती: माणसाचे झडतात, अस्वलाचे फारच कमी. त्या काळात ते लघवी करत नाही. युरियातला नायट्रोजन पुन्हा प्रथिनांसाठी वापरला जातो.

आपल्याकडेही एक जीव थंडीत काही काळ उपाशी राहतो: बाळंतीण अस्वलीण. पिल्लं बहुधा डिसेंबर-जानेवारीत होतात, मिटल्या डोळ्यांची, अर्ध्या किलोच्या आतबाहेरची. सुरुवातीचे दिवस ती गुहा सोडत नाही. प्रोलॅक्टिन दूध तयार करायला लावतं, आणि त्यासाठी लागणारी ताकद अंगावरच्या चरबीतून येते. थंडीत सरपण-डिंकासाठी रानात जाणाऱ्यांनी कपारींपासून लांब राहावं ते यासाठीच. पिल्लांपाशी असलेली आई पळत नाही, अंगावर येते.

गैरसमज: अस्वलाला जमतं, मग आपल्यालाही लांबलचक उपास सोसतील.
वस्तुस्थिती: उपाशीपोटी आपलंही इन्सुलिन उतरतं, ग्लुकागॉन चढतं आणि चरबी जळू लागते. पण युरियातून प्रथिनं परत मिळवण्याची अस्वलासारखी सोय आपल्याकडे नाही. उपास लांबला की स्नायूही खर्ची पडतात. आणि मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना डॉक्टरांना न विचारता जेवण चुकवलं, तर साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते.