परतणाऱ्यांचे एकवीस दिवस

२०१४ च्या ऑक्टोबरात पश्चिम आफ्रिकेतली इबोलाची साथ ऐन भरात होती. गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तिन्ही देशांत मुळातच डॉक्टर-नर्सची वानवा. त्यात होते तेही साथीला बळी पडत होते. सिएरा लिओनमध्ये केनेमाच्या रुग्णालयात इबोलाचे रुग्ण पाहणारे डॉ. शेख उमर खान जुलैतच त्याच आजाराने गेले. जागतिक आरोग्य संघटनेने ८ ऑगस्टला आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली, तेव्हा औषध नव्हते, लस नव्हती. हवी होती ती माणसे. ती बाहेरून येत होती, काही आठवडे राबून मायदेशी परतत होती. या परतणाऱ्यांना कसे वागवायचे, या प्रश्नावर त्या हिवाळ्याच्या तोंडाशी अमेरिकेत जे घडले, ते आज पुन्हा तपासून पाहण्यासारखे आहे.

इबोलाबद्दल तेव्हाही पुरेसे ठाऊक होते. तो हवेतून पसरत नाही. रुग्णाचे रक्त, उलटी, जुलाब अशा शरीरद्रवांशी संपर्क आला तरच लागतो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसायला २ ते २१ दिवस लागतात आणि लक्षणे दिसण्याआधी तो माणूस दुसऱ्याला आजार देत नाही. म्हणून साधा उपाय असा: २१ दिवस दोन वेळा ताप मोजायचा आणि अंग जरा कसकसले तरी लगेच कळवायचे.

याचा पडताळा डॅलसमध्ये मिळाला होता. लायबेरियाहून आलेल्या थॉमस एरिक डंकन यांना आजारी असतानाही रुग्णालयाने पहिल्या खेपेला घरी पाठवले. ८ ऑक्टोबरला ते वारले. आजार झाला तो शेवटच्या टप्प्यात त्यांची शुश्रूषा करणाऱ्या दोन नर्सना. ताप असताना ज्यांच्या घरात ते राहत होते, त्या घरातल्या कुणालाही झाला नाही. धोका कुठे होता आणि कुठे नव्हता, हे यातून स्पष्ट दिसत होते. पण लोकांच्या मनात राहिले ते एवढेच, की इबोला अमेरिकेत आला.

मग न्यूयॉर्क. गिनीत काम करून आलेले डॉ. क्रेग स्पेन्सर नेमाने ताप मोजत होते. २३ ऑक्टोबरला तो १००.३ फॅरनहाइट भरला, त्यांनी लगेच फोन केला आणि त्यांना बेलव्ह्यू रुग्णालयात हलवले. व्यवस्थेने जे करायला हवे तेच केले होते. बातमी मात्र आधी १०३ ताप अशी पसरली आणि शहर हादरले ते आदल्या संध्याकाळी ते मेट्रोने फिरले, बोलिंग खेळायला गेले यामुळे. त्यांच्यामुळे कुणालाही लागण झाली नाही. ते स्वतः ११ नोव्हेंबरला बरे होऊन घरी गेले. पण त्यांचा ताप कळल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २४ ऑक्टोबरला, न्यूयॉर्कचे गव्हर्नर अँड्र्यू क्युओमो आणि न्यू जर्सीचे ख्रिस ख्रिस्ती यांनी जाहीर केले, की इबोलाच्या रुग्णांना हात लावून परतणाऱ्यांना २१ दिवस सक्तीने वेगळे ठेवले जाईल. निवडणूक अकरा दिवसांवर होती.

त्याच दुपारी केसी हिकॉक्स ही नर्स सिएरा लिओनहून न्यू जर्सीतल्या न्यूअर्कच्या विमानतळावर उतरली. तासन्‌तास प्रश्नोत्तरे चालली. कपाळावर धरायच्या यंत्राने आधी ताप दाखवला नाही. काही तासांनी, ती रडून आणि संतापून लाल झालेली असताना, १०१ दाखवला. पोलिसांच्या गाड्या सायरन वाजवत तिला रुग्णालयात घेऊन गेल्या. तिथे तोंडात थर्मामीटर ठेवून पाहिले तर ९८.६. तपासणीत इबोला नाही असे आले, तरीही तिला तंबूत ठेवले. अंगावर कागदी कपडे, न्हाण्याची सोय नाही, शौचाला पेटीसारखे तात्पुरते शौचालय. काही दिवसांपूर्वीपर्यंत मरणाऱ्या मुलांच्या उशाशी बसलेल्या बाईचे देशाने केलेले हे स्वागत.

तिला २७ तारखेला सोडले. न्यूयॉर्कने त्याआधीच घरी राहण्याची मुभा आणि बुडालेल्या पगाराची भरपाई कबूल केली होती. मेन या तिच्या राज्यात मात्र गव्हर्नर पॉल लपाज यांनी तिला घरात बसवण्याचा हट्ट धरला. ती सायकलवर बाहेर पडली, मागे पत्रकारांचा घोळका. न्यायाधीश चार्ल्स लव्हर्डिएर यांनी राज्याची मागणी फेटाळली. तिला लक्षणे नाहीत, म्हणून तिच्यापासून संसर्ग नाही; रोजची तपासणी आणि प्रवासाची पूर्वसूचना पुरे, असा त्यांचा निकाल. भीती निराधार असली तरी ती खरी आहे, हे मानूनही त्यांनी हा निकाल दिला, याचे मला मोल वाटते.

एकवीस दिवस म्हणजे काही फार नव्हेत, असे तेव्हा पुष्कळजण म्हणाले. पण महिना-दीड महिन्याच्या कामासाठी रजा काढणाऱ्या नर्सला आणखी तीन आठवडे बिनपगारी कोंडून घ्यायचे, तर ती जाईल कशाला? आणि ती गेली नाही, तर त्याची किंमत लायबेरियातल्या मोन्रोव्हियात कुणीतरी मोजणार. साथ जिथे पेटली आहे तिथेच विझवली, तरच बाकीचे देश सुरक्षित. त्या साथीत २८,६०० हून अधिक लोकांना लागण झाली, ११,३०० हून अधिक मेले आणि त्यांत आरोग्यसेवक पाचशेच्या वर होते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. डिसेंबरात सिएरा लिओनहून परतलेली स्कॉटलंडची नर्स पॉलीन कॅफर्की हीथ्रोवरून पुढे गेली, तेव्हा तिचा ताप ३८.२ सेल्सियस असताना कागदावर ३७.२ लिहिला गेला. दुसऱ्या दिवशी इबोला निघाला. तिच्यामुळे कुणी आजारी पडले नाही, पण स्वतःच ताप मोजून कळवण्यावर विसंबलेली व्यवस्था माणसांच्या थकव्याने ढासळू शकते, हे त्यातून कळते. म्हणून मोजणारा दुसरा हवा आणि मोजणे निष्ठेने व्हायला हवे. तंबू त्यासाठी लागत नाही.

हिकॉक्सने पुढे न्यू जर्सीवर दावा लावला. पैसे न घेता २०१७ मध्ये तडजोड झाली. कुणाला वेगळे ठेवायचे असेल तर कारण सांगायचे, वकील नेमू द्यायचा, निर्णयाला आव्हान देता यायला हवे, हे राज्याने मान्य केले. २०२० च्या कोविडमध्ये लक्षणांचा हाच तर्क उलट्या दिशेने लावावा लागला. तो विषाणू लक्षणांआधीच पसरत होता, त्यामुळे निरोगी दिसणाऱ्यालाही थांबवणे योग्यच होते. महाराष्ट्रात घरीच वेगळे राहायला सांगितलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले त्यामागे तो हिशेब होता. घरमालकांनी डॉक्टर-नर्सना खोल्या सोडायला लावल्या त्यामागे मात्र कुठलाच नव्हता.

२०२२ च्या सप्टेंबरात युगांडात इबोलाची साथ जाहीर झाली. अमेरिकेने तिथून येणाऱ्यांना पाच विमानतळांवरच उतरू दिले, तिथे तपासले, त्यांचे फोन नंबर राज्यांच्या आरोग्य खात्यांना कळवले आणि २१ दिवस त्यांच्या तब्येतीवर नजर ठेवली. सरसकट कोंडणे नव्हते. साथ सुदान प्रकाराची होती, त्यावर मान्यता मिळालेली लस तेव्हा नव्हती. म्हणजे घाबरायला कारण २०१४ पेक्षा काही कमी नव्हते.