जुन्या कॅमेऱ्यांचे चढते-उतरते मोल

चंद्रपूर, वरोरा, मूल किंवा अहेरीतील एखाद्या जुन्या स्टुडिओच्या कपाटात निकॉन एफएम२, याशिका वा झेनिट पडून असेल, तर त्याच्या मालकाने त्या एकाच वस्तूचे मोल आधी भारी, मग नगण्य आणि अलीकडे पुन्हा चढते झालेले पाहिले असेल. यंत्रात काडीचाही बदल झालेला नसताना भावात एवढी तफावत पडते, याचे कारण यंत्राबाहेर शोधले पाहिजे.

१९९१ पूर्वी आयातीवरचे निर्बंध आणि जबर जकात यांमुळे परदेशी कॅमेरा दुर्मीळ होता. रुपयाच्या व्यवहारातून येणारे रशियाचे झेनिट, पूर्व जर्मनीचे प्राक्टिका आणि बडोद्यात तयार होणारा आगफा क्लिक यांवरच बहुतेकांची भिस्त असे, आणि मुंबईच्या बोरा बाजारात वापरलेल्या मालालाही मान होता. पुढे १९९९ साली निकॉनचा डिजिटल डी१ आला, २००९ मध्ये कोडाक्रोम ही फिल्म बंद झाली, जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. आणि ज्या यंत्रावर एका कुटुंबाचा चरितार्थ चालला, ते भंगाराच्या भावात गेले.

भाव पुन्हा वर आले ते तरुणांच्या ओढीने. कॉन्टॅक्स टी२ सारख्या खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याला नामवंतांच्या हातात दिसल्यामुळे जी मागणी आली, तिला पुरवठ्याचे उत्तर नव्हते; कारण तो बनविणारी क्योसेरा कंपनी २००५ सालीच या धंद्यातून बाहेर पडली होती. लायकाने २०२२ मध्ये एम६ पुन्हा काढला, पेंटॅक्सने २०२४ मध्ये नवा फिल्म कॅमेरा आणला. पण जुन्यांची संख्या काही वाढत नाही. या तेजीला लगाम घालते ती फिल्मच: छत्तीस चित्रांचा रोल आणि त्याची धुलाई महागली की हौस थंडावते आणि कॅमेऱ्याचा भावही नरमतो.

आपल्या वनप्रदेशात मात्र जगाच्या बाजारभावापेक्षा हवेचा हुकूम मोठा आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा भिंगातले वंगण पातळ होऊन छिद्राच्या पात्यांवर पसरते. आणि ज्या पावसात पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटतो, त्या पावसाच्या दमट हवेत चामड्याच्या पिशवीत ठेवलेल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. ती काचेवरचा लेप एकदा खाऊन गेली की कारागीर तरी काय करणार! एफएम२चे शटर बॅटरीवाचूनही चालते, म्हणून दूरच्या गावात त्याची कदर टिकते. उलट याशिका इलेक्ट्रो ३५ बॅटरीविना एकाच वेगावर अडकतो, आणि त्याची मूळची पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही.

म्हणून ज्यांच्या घरी असा कॅमेरा असेल, त्यांनी घाईने तो भंगारवाल्याच्या तराजूवर ठेवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. भिंगातून विजेरीचा प्रकाश तिरपा टाकून बुरशी आहे का ते पाहावे, शटरचा संथ वेग कानाने तपासावा, फडताळातल्या चामडी पिशवीतून तो बाहेर काढून ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवावा. आणि भाव विचारायचा तो या तपासणीनंतरच.