तिसरा रकाना

१ जुलै २०२५ रोजी अमेरिकेची ‘यूएसएड’ ही मदतसंस्था रीतसर बंद झाली. त्याआधी २० जानेवारीला तिथल्या नव्या सरकारने पहिल्याच दिवशी परदेशी मदत ९० दिवस थांबवली आणि सरकारी कागदांतून ‘जेंडर’ काढून ‘सेक्स’ लिहा, असाही हुकूम सोडला. ‘डायव्हर्सिटी’ आणि ‘इक्विटी’वरही संक्रांत आली. मी अजून अधूनमधून ज्या संस्थेचा मजकूर तपासायला जाते, तिथे अमेरिकेचा पैसा कधी फारसा नव्हताच. तरी परवा तिथली एक मुलगी प्रस्तावाच्या फाइलमधून एकेक ‘जेंडर’ वेचून काढत बसली होती. “ताई, रिस्क नको,” म्हणाली. “४१ वेळा आलाय.” मी चहा संपवला आणि गप्प राहिले. त्यातले निम्मे तरी मीच घातलेले होते.

घरी येऊन जुनी वही काढली. तीन रकान्यांची. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात सरकारदरबारी चालेल असा मराठी, तिसऱ्यात बायका खरंच काय म्हणतात ते.

ऐंशीच्या दशकाबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं फार नाही. कार्यकर्ते ‘शोषण’, ‘वर्गसंघर्ष’ म्हणायचे. शब्द जड होते, पण त्यांच्यासोबत भरायचा तक्ता येत नसे.

तक्ते आले नव्वदीत. डिसेंबर १९९१ मध्ये ‘गॅट’चे प्रमुख आर्थर डंकेल यांचा मसुदा आला आणि पारापारावर डंकेल सुरू झाला. शेतकरी संघटनेचे शरद जोशी त्याच्या बाजूने, डावे विरोधात. मसुदा वाचलेला माणूस मला तरी भेटला नाही, पण शब्द कुठे शिवीसारखा चालायचा, कुठे नवसासारखा. खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण या तिघांची मोट बांधून कुणीतरी ‘खाउजा’ केलं, त्याला मी आजही दाद देते. घोषणेत बसतं आणि वर चिमटाही काढतं.

पुढे रिओ १९९२, कैरो १९९४, बीजिंग १९९५. परिषद तिकडे व्हायची आणि काही महिन्यांत शब्दांचं गाठोडं आमच्या टेबलावर. ‘सस्टेनेबल’ला ‘शाश्वत’ ठरलं. मला ते कधीच पटलं नाही. शाश्वत असतो तो आत्मा. विहिरीचं पाणी पुरवून वापरायचं असतं. माझी आजी ‘पुरवठ्याला येतं’ म्हणायची. ते तिसऱ्या रकान्यात लिहिलं आणि तिथेच राहिलं.

राज्याचं पहिलं महिला धोरण १९९४ चं. त्या सुमारास ‘एम्पॉवरमेंट’ला सबलीकरण म्हणायचं की सक्षमीकरण, यावर आम्ही दोन दिवस भांडलो, बाहेर सतरंजीवर बसलेल्या बायका शेंगा सोलत होत्या. आम्हाला एक सल्लागार होते, दिल्लीहून यायचे. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गट बँकेला जोडायचा प्रयोग सुरू केला होता, त्याच धर्तीचं आमचं काम. त्यांना ‘सेल्फ हेल्प ग्रुप’चं ‘स्वयंसहाय्यता समूह’च हवं होतं. माझ्या मजकुरातला ‘बचत गट’ त्यांनी लाल शाईने खोडला. बचत हा उद्देश नाही, अशी शेऱ्याची ओळ वर. बायका ‘बचत गट’च म्हणत राहिल्या, मग नुसतं ‘गट’. साहेबांचा समूह सरकारी कागदावर आहे अजून, घ्यायचा त्याने घ्यावा.

‘स्टेकहोल्डर’वर मात्र मी आपटले. १९९६ असेल, माळशिरस तालुक्यातल्या शाळेची खोली. मी फळ्यावर लिहिलं, भागधारक. मागून एक पन्नाशीची बाई म्हणाली, “भागधारक म्हंजी कारखान्याचं सभासद न्हवं का? मग आमाला कशाला बोलीवलंय? शेअर मालकाच्या नावावर हाय.” खोली हसली. मग दुसरी म्हणाली, सात-बाराही त्यांच्याच नावावर. तिसरी म्हणाली, घरही. तासभर तेच चाललं. मी फळा पुसलाच नाही. अहवालात मात्र त्या तासाला जागा नव्हती. त्याचा तक्ता ‘लॉगफ्रेम’चा, १९६९ च्या सुमारास याच यूएसएडसाठी बेतलेला. त्यात फक्त हजर बायकांचा आकडा मावला: २७.

२००० नंतरचं मी चाळून सोडते. आधी संयुक्त राष्ट्रांची सहस्रकाची ८ उद्दिष्टं, २०१५ मध्ये ‘शाश्वत’ विकासाची १७ आणि त्यांची १६९ लक्ष्यं. शाळांच्या भिंतींवर रंगीत चौकोन रंगवले गेले. वहीतला तिसरा रकाना इथून पुढे कोराच आहे. मी विचारायचं सोडलं होतं.

शब्द खोडायला अमेरिकाच लागते असंही नाही. १९६३ मध्ये महाराष्ट्राने खास कायदा करून राज्यातल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्द काढून टाकला. ‘टंचाई’ म्हणायचं ठरलं. नऊ वर्षांनी १९७२ आलं. माझी आई खडी फोडायला जायची. तिथे सुकडी मिळायची आणि रेशनवर अमेरिकेची तांबडी ज्वारी, मिलो. मदतीचा पहिला इंग्रजी शब्द आमच्या घरात आला तो असा, पोत्यातून. भाकरी थापताना तुटायची, म्हणते.

परवा तिला विचारलं, त्या साली टंचाई होती ना गं? तिने माझ्याकडे पाहिलं, ऐकायला आपल्यालाच कमी येतंय की काय असं. “टंचाई कसली,” म्हणाली, “बहात्तरचा दुष्काळ.”